न्यायाचे माप

पौष पौर्णिमेला छत्तीसगडच्या खेड्यांत छेरछेरा साजरा होतो. खळ्यावरचे धान नुकतेच घरात आलेले असते. मुले दारोदार जाऊन ते मागतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा मानत नाहीत आणि मागणाऱ्याला विन्मुख पाठवीत नाहीत. ही रीत स्वतःला दानच म्हणवते, आणि हा तिचा प्रामाणिकपणा आहे. याच प्रदेशात २१ मे २०२० रोजी शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसे जमा करणारी जी योजना सुरू झाली, तिने मात्र ‘न्याय’ हा शब्द धारण केला : राजीव गांधी किसान न्याय योजना. ज्याचा व्यवहार शब्दांशी आहे, त्याला या शब्दापाशी थांबणे भाग आहे.

धानाला क्विंटलमागे २,५०० रुपये भाव देण्याचे वचन २०१८ च्या निवडणुकीत दिले गेले होते. २०१९ च्या खरिपात साधारण धानाचा आधारभूत भाव १,८१५ रुपये होता. वरची रक्कम बोनस म्हणून दिल्यास तांदूळ केंद्रीय साठ्यात घेण्यास केंद्राची हरकत होती. तेव्हा तोच फरक, एकरी १०,००० रुपयांच्या मर्यादेत, मशागतीच्या खर्चाला साहाय्य म्हणून हप्त्यांनी देण्यात आला. जो भाव होता, तो अशा रीतीने साहाय्य झाला. हा भेद वरवरचा नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने भीक नाकारून घामाचे दाम मागितले, त्यामागे हाच विवेक होता. दाम हे देणे असते. ते घेणारा कुणाचा उपकृत होत नाही. साहाय्याला दाता लागतो, आणि दाता बदलला की नावही बदलते. २०२३ च्या अखेरीस रायपूरमध्ये सत्तांतर झाले. मार्च २०२४ मध्ये ‘कृषक उन्नती योजना’ आली. भाव ३,१०० रुपये ठरला, एकरी २१ क्विंटलपर्यंत.

परंतु घामाचे दाम म्हणताच दुसरा प्रश्न उभा राहतो : घाम कोणाचा? २०२० च्या योजनेतील पैसे जमीन ज्याच्या नावे नोंदलेली, त्याच्या खात्यात जात. छत्तीसगडमध्ये अधियाने किंवा रेगहाने, म्हणजे वाट्याने वा खंडाने, दुसऱ्याचे शेत कसणारे पुष्कळ आहेत. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांचे श्रम धानात असतात, कागदावर नसतात.

शासनाला हे दिसले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी रायपूरलाच भूमिहीन शेतमजुरांसाठी निराळी योजना सुरू झाली : कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये. पुढे ते ७,००० झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या नावाखाली १०,०००. या आकड्याशेजारी दुसरा ठेवून पाहावा. २०२३-२४ मध्ये आधारभूत भाव २,१८३ रुपये होता. ३,१०० शी त्याचा फरक ९१७, आणि एकरी २१ क्विंटलांवर १९,२५७ रुपये. एका एकराला मिळणारी ही भर एका भूमिहीन कुटुंबाच्या वर्षाच्या रकमेहून जवळजवळ दुप्पट आहे. दहा एकरांचा धनी ती दहा पटींनी घेतो. आणि ज्याच्या नावे अर्धाच एकर आहे, पण पोट वाट्याच्या शेतीवर आहे, तो भूमिहीनांतही बसत नाही.

बियाणे, खत, कर्ज, अवर्षण हा सारा भार शेतकरी वाहतो, तेव्हा अधिक वाटा त्याचाच, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण अधियावर कसणाराही त्या भाराचा वाटेकरी असतो. जोखमीचे माप लावायचे, तर ते जोखीम घेणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजे.

शेतकऱ्याला मिळणारे पैसे कमी करावेत, असे माझे म्हणणे नाही. ते त्याचे देणेच आहे. पण देण्याला दाम म्हणावे, दानाला दान म्हणावे. न्याय हा शब्द वापरायचा, तर सातबारा किंवा खसरा पाहण्याआधी चिखलात कोण उतरले होते, हे विचारावे लागेल. छेरछेऱ्याला दार उघडणारी गृहिणी मागणाऱ्या मुलाला त्याच्या बापाची जमीन किती, हे विचारत नाही. दानाला ते चालते. न्यायाला विचारावे लागते. फक्त, योग्य तो प्रश्न.