टोयोटावरचा भरवसा आणि चार्वाकाची शंका

जपानी गाड्यांचा विषय निघाला की माणसे कुळाचा दाखला दिल्यासारखी बोलू लागतात. टोयोटा दगा देत नाही, होंडाचे इंजिन ते इंजिन, निसानचा गिअरबॉक्स मात्र बघून घ्यावा, सुबारू उत्तम पण हेड गॅस्केट गेले की खिसा रिकामा. यातल्या प्रत्येक वाक्यात एक अनुमान दडलेले असते: गाडी अमुक कंपनीची आहे, म्हणून ती टिकेल किंवा टिकणार नाही. न्यायदर्शनाच्या परिभाषेत कंपनीचे नाव हा हेतू, टिकाऊपणा हे साध्य आणि समोर उभी असलेली गाडी हा पक्ष. अनुमान खरे ठरायचे तर हेतू आणि साध्य यांची व्याप्ती, म्हणजे अटळ सोबत, कुठेही तुटता कामा नये. प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो, पण पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल कितपत बोलावे, हा आपल्याकडचा फार जुना वाद आहे. त्यात शंका घेणारा चार्वाक बरोबर की अनुमान मानणारे नैयायिक, हे ठरवायला गॅरेजइतकी चांगली जागा नाही.

माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकाची बाजू आली आहे ती अशी. धुरावरून अग्नीचे अनुमान घ्या. त्यामागची व्याप्ती प्रत्यक्षाने कळणार नाही, कारण जगातले सगळे धूर आणि सगळे अग्नी कुणी पाहिलेले नसतात. अनुमानाने कळते म्हणावे, तर त्या अनुमानालाही आणखी एक व्याप्ती लागते. शिवाय मध्येच एखादी उपाधी, म्हणजे ध्यानात न आलेली अट, लपलेली नाही याची हमी कोण देणार? उपाधीचे ठरलेले उदाहरण ओल्या सरपणाचे. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच असे म्हणता येत नाही. त्यासाठी सरपण ओले असावे लागते. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो आणि धूर नसतो.

गाड्यांच्या बाबतीत ही शंका मुळीच पोकळ नाही. टोयोटाच्या टुंड्रा पिकअपमध्ये 2022 च्या मॉडेलपासून जुने व्ही-8 इंजिन जाऊन दोन टर्बोंचे व्ही-6 आले. मे 2024 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे एक लाख टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कारखान्यात इंजिन घडवताना पडलेला चुरा आतच राहून गेला होता. नाव तेच होते, पण उपाधी बदलली होती. निसानची बदनामी मुख्यतः सीव्हीटी जातीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समुळे झाली. अमेरिकेत 2003 ते 2010 च्या मॉडेलांसाठी कंपनीला त्या गिअरबॉक्सची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवून द्यावी लागली. हाताने गिअर बदलायच्या निसानचा या तक्रारीशी संबंध नव्हता, पण शिक्का तिच्यावरही बसला. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण तर होंडा, टोयोटा, निसान, माझदा, सुबारू या सर्वांना भोवले. आतले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्ण, दमट हवेत राहून बिघडे आणि अपघाताच्या वेळी धातूची नळी फुटून तिचे तुकडे माणसाच्या अंगात घुसत. म्हणजे इथे उपाधी हवामानाची. तीच गाडी कोरड्या, थंड मुलखात बरीच कमी धोक्याची. आणि आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर 2019 साली आलेली टोयोटा ग्लान्झा ही सुझुकीच्या गुजरातमधल्या कारखान्यात बनलेली बलेनोच होती. एकाच गाडीला दोन नावे असतील, तर टिकाऊपणा कोणत्या नावाचा म्हणायचा?

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. टोयोटा आणि लेक्सस ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या विश्वासार्हतेच्या याद्यांत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांवर असतात; हा निव्वळ योगायोग कसा? योगायोग नाहीच, पण कारण नावात शोधणे चूक. साकिची तोयोदा यांचा 1924 चा स्वयंचलित माग आठवावा. ताण्याच्या धाग्यांवर पोलादाच्या पातळ पट्ट्या टांगलेल्या असत. धागा तुटला की त्याची पट्टी खाली पडे आणि माग आपोआप थांबे. पुढे मोटारींच्या कारखान्यात हेच दोरीच्या रूपाने आले: खोट दिसली की साध्या कामगारानेही दोरी ओढावी आणि गरज पडल्यास अख्खी रांग थांबवावी. प्रत्येक नगावर शंका घेण्याची सोय कारखान्यातच करून ठेवली, त्यातून हा भरवसा निपजला. जोडीला नवे तंत्र उशिरा घेण्याची आणि जुने इंजिन वर्षानुवर्षे वापरण्याची सवय. ही रीत चालू आहे तोवर नाव हे तिचे चिन्ह म्हणून उपयोगी. रीत मोडली की नाव मागे उरते आणि फसवते. टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सूत ते घडले. सुरक्षा चाचण्यांतल्या लबाड्या डिसेंबर 2023 मध्ये उघड झाल्या, 64 मॉडेले त्यात सापडली, सर्वांत जुना प्रकार 1989 चा निघाला. प्रमाणपत्र हे शब्दप्रमाण, आणि शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असेल तरच. तीस-पस्तीस वर्षे तो आप्त नव्हता.

दुरुस्तीचा खर्च धरला की साध्यच दुपदरी होते. मोडत नाही हा एक गुण, मोडल्यावर स्वस्तात उभी राहते हा दुसरा, आणि सरासरीत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. हेड गॅस्केट म्हटले तर साधा पातळ पत्रा. कोरोलाचे इंजिन उभे असते, बॉनेट उघडले की हेड वरच. सुबारूचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पडलेले, हेड चॅसिसच्या पट्ट्यांना जवळजवळ टेकलेली, त्यामुळे बरेच मेकॅनिक सरळ अख्खे इंजिनच खाली उतरवतात. सुटा भाग किरकोळ, मजुरी मात्र भारी. कोरोलाची दुरुस्ती स्वस्त पडते याला आणखीही कारण आहे: ती इतकी विकली गेली की सुटे भाग आणि जाणकार हात जगात कुठेही मिळतात. हा गुण गाडीच्या अंगचा नाही, भोवतालच्या बाजाराचा आहे.

मग चार्वाक जिंकला का? दहाव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याला अडवले आहे. शंका तिथपर्यंतच घ्यावी, जिथून पुढे ती आपल्याच वागण्याला खोटे पाडू लागते. अन्नाने भूक भागेल की नाही अशी शंका घेणारा जेवायला बसतोच. ‘खण्डनखण्डखाद्य’कार श्रीहर्षाने या उत्तराची यथेच्छ टर उडवली, आणि तर्काच्या कसोटीवर त्याचे म्हणणे सहजी खोडता येत नाही. तरीही गाडी विकत घेणाऱ्याला उदयनच जवळचा. अमर्याद शंका घेणाऱ्याने पायीच जावे. चार्वाक म्हणेल, व्यवहाराला संभावना पुरते, निश्चय कशाला हवा? मान्य, पण कुठली संभावना पुरेशी, हे ठरवायला उपाध्या शोधाव्याच लागतात, आणि त्या शोधायला शिकवले ते नैयायिकांनी. म्हणून जुनी जपानी गाडी घेताना कंपनीच्या नावाआधी इंजिन कोणते, गिअरबॉक्स कुठल्या जातीचा, मॉडेल कोणत्या वर्षाचे, तेल वेळेवर बदलल्याची नोंद आहे का आणि आपल्या गावात तिचे भाग मिळतात का, एवढे विचारून घ्या. इतके विचारूनही दोन गाड्या तोलामोलाच्या निघाल्या, तर टोयोटा घ्यायला हरकत नाही.