दार लागण्याआधी

नामाने पाप जळते, यात वारकऱ्याला शंका नाही. पण शेजाऱ्याचा बांध कोरला, भावाचा वाटा दाबला, ते पाप देवाने परस्पर माफ करावे काय? सज्जनहो, यहुदी धर्माने आपल्या दोन उपासांच्या दिवसांत या प्रश्नाला फार परखड उत्तर दिले आहे.

पहिला दिवस शोकाचा, त्यांच्या आव महिन्याची नवमी. यरुशलेमचे पहिले मंदिर इ.स.पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जाळले, दुसरे इ.स. ७० मध्ये रोमनांनी. दोन्हींचा शोक याच तिथीला. लोक चामड्याची पायताणे काढून जमिनीवर बसतात, विलापगीते वाचतात. धर्मग्रंथाचे एरवीचे अध्ययनही त्या दिवशी बंद, कारण त्यात आनंद आहे! देऊळ शत्रूने पाडले की माणूस शत्रूला शिव्या देतो. त्यांच्या आचार्यांनी मात्र तालमुदात म्हटले, की दुसरे मंदिर गेले ते आपसांतल्या विनाकारण द्वेषाने. अध्ययन होते, आचार होता, परोपकार होता, तरी गेले.

तेथून साठ दिवसांनी योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. अन्नपाणी वर्ज्य, आपली निर्जळी एकादशीच म्हणा. पण या दिवसाने फिटतात ते देवाचे अपराध. माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय फिटत नाही. घेतलेले आधी परत करायचे, मग क्षमा मागायची. नाही दिली तर तीनदा जायचे. आणि तो मेला असेल तर? दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचे आणि त्यांच्यादेखत अपराध बोलून दाखवायचा.

मला ती दहा माणसे फार मोलाची वाटतात. वारीत अनोळखी माउलीच्या पाया पडणे सोपे आहे. ज्याचा बांध कोरला त्याच्या अंगणात, गावासमोर, गुडघे वाकत नाहीत. यात भक्तीला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. पांडुरंग घटाघटांत आहे म्हणायचे, तर दुखावलेला घट वगळून त्याची क्षमा कोठून आणणार?

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, ते या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आले. (या मंडळींनी १८८० नंतर मराठीत कीर्तनेही केली, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल.) दारफाळणी म्हणजे दार लावून घेणे. संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला स्वर्गाचे दरवाजे मिटत आलेले असतात, अशी भावना. मग मेंढ्याचे शिंग फुंकतात आणि उपास सुटतो. माणसांकडे जाऊन येण्याची वेळ मात्र आदल्या दिवसापर्यंतची.