कंबर कुणासाठी दुखते?

थंडीत पळायला हुरूप येतो. गेल्या डिसेंबरात निफाडचा पारा घसरत होता आणि मी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावरच्या फेऱ्या वाढवत होतो. (त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण आमच्या तोंडी अजून गोल्फ क्लबच.) दोन आठवड्यांत चार किलोमीटरचे नऊ झाले. मग एका पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेलो. जाताना काही जाणवलं नाही. परतताना मात्र माकडहाडाच्या जरा वर, बरोबर पट्टा बांधतो तिथे, अशी कळ आली की रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून उभं राहावं लागलं.

घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी, मलम, आडवं पडणं, जे केलं ते सगळं कंबरेलाच. आठवडा गेला तरी दुखणं हलेना.

शेवटी फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी पालथं झोपायला सांगितलं. एक हात माझ्या कंबरेवर ठेवला, दुसरा पुठ्ठ्यावर, आणि म्हणाल्या, ‘गुडघा न वाकवता पाय उचला.’ पाय उचलला आणि मलाच कळलं. कंबर क्षणात ताठ झाली, पुठ्ठा मात्र सैलच राहिला. ‘बघा,’ त्या म्हणाल्या, ‘काम त्याचं आहे आणि करतेय ही. ही बिचारी दुसऱ्याच्या वाटचं ओढतेय.’

त्या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत राहिलो.

पळताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून उलटा अंगावर येतो. तो पेलायला पुठ्ठे आहेत, पोटाचे स्नायू आहेत, मांड्या आहेत. पण आपण दिवसभर खुर्चीत बसतो. जांघेतले स्नायू आखडतात आणि कंबरेला पुढे ओढत राहतात. पुठ्ठे आपलं काम विसरतात, पोट ढिलं पडतं. मग सगळा भार येतो कमरेच्या मणक्यांवर. त्यात अंतर एकदम वाढवलं, किंवा टाच शरीराच्या फार पुढे पडेल अशा लांब ढांगा टाकल्या, की कंबर बोलू लागते. ‘कंबर कसणे’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज वापरतो. पळण्याआधी ती खरोखरच कसावी लागते, आतून, पोटाच्या स्नायूंनी.

त्र्यंबक-हरसूलच्या रस्त्याला उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका दिसतात. त्यांची चाल नीट पाहिली आहे का? पाठ सरळ, नजर समोर, पावलं आखूड आणि भराभर. भार डोक्यावर असताना कुणी लांब टांग टाकत नाही. त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरायलाच हवा, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण त्या चालीतलं शहाणपण आपण घ्यावं. याच हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. पंचवीस फेऱ्या! इतकं अंतर नुसत्या पायांनी कापता येत नाही, अख्खं शरीर एकदिलाने राबावं लागतं.

कंबर दुखली म्हणून पळणं कायमचं सोडू नये. 2017 साली ऑस्ट्रेलियातल्या डिकिन विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की नियमित पळणाऱ्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या बैठ्या माणसांपेक्षा चांगल्या स्थितीत असतात. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरण्यापेक्षा सोसेल तेवढं चालत राहणं बरं. मात्र कळ पायात खाली उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, ताप असेल, तर लगेच डॉक्टर गाठावा. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर तासाचाही उशीर करू नये.

माझा उपाय साधा निघाला. पळण्याआधी दहा मिनिटं भराभर चालणं. रोज सेतुबंधासन, पुठ्ठे आवळून, दहादा. हातागुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करणं, मग उलट. कुशीवर कोपर टेकून शरीर उचलून धरणं. सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेऊन गुडघा टेकतो, त्या स्थितीत जरा जास्त थांबणं. दुपारी खुर्चीतून दर तासाला उठणं. पळण्याचं अंतर पुन्हा दोन किलोमीटरपासून, हळूहळू. दीड महिन्यात कळ गेली. या वेळी कंबरेवर थेट उपचार असा काही झालाच नव्हता, तिचे सोबती तेवढे कामाला लागले होते.

आणि एके सकाळी पळून आलो, तर स्वयंपाकघरात पत्नी पाण्याची कळशी उचलताना कंबरेला हात लावून थांबलेली दिसली. तिची कंबर किती वर्षं दुखते आहे! मी दर वेळी मलमाची नवी ट्यूब आणून दिली होती, आणि तेवढ्यावर माझं कर्तव्य संपलं असं मानलं होतं.

मी कळशी हातात घेतली. त्या दिवसापासून सकाळचं पाणी मी भरतो.

दुखणं जिथे भार पडतो तिथे उमटतं. चुकारपणा कधी कधी शेजारी असतो. आज कुठे काही दुखत असेल, अंगात किंवा घरात, तर चोळण्याआधी एवढं विचारून पाहावं : हे कुणाच्या वाटचं ओढत आहे?