बडीशेपेच्या बशीत

अर्जुनावर आला तसला धर्मसंकटाचा प्रसंग मध्यमवर्गीय माणसावर सहसा येत नाही. आलाच तर हॉटेलात येतो, आणि तोही पोटभर खाऊन झाल्यावर. बडीशेपेच्या बशीत घडी घातलेलं बिल येतं, आपण नोटा ठेवतो, बशी जाते, सुटे घेऊन परत येते आणि वेटर दोन पावलं मागं सरून भिंतीवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे पाहू लागतो. इथं आपला रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा राहतो. किती ठेवायचे? अर्जुनाला सांगायला श्रीकृष्ण तरी होता. आम्हांला टेबलाखालून सौभाग्यवतींच्या पायाचा दाब तेवढा जाणवतो, आणि तो ‘पुरे’ असा आहे की ‘आणखी ठेवा’ असा, हे पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही कळलेलं नाही.

बरं, ह्या पैशाला आपल्याकडे धड शब्द नाही. बक्षीस म्हणावं, तर शर्यत कोणी जिंकली? पोस्त म्हणावी, तर ती दिवाळीत पोस्टमनची. चहापाणी म्हटलं की सरकारी कचेरी आठवते. फ्रेंच लोक ‘पूरब्वार’ म्हणतात आणि जर्मन ‘ट्रिंकगेल्ट’. दोहोंचा अर्थ पिण्यासाठी दिलेले पैसे, म्हणजे फिरून चहापाणीच! शेवटी आपण इंग्रजी ‘टीप’ घेतली. तळटीप असते ना पानाच्या खाली, बारीक टायपात, वाचली तर वाचली, नाहीतर नाही, तशीच ही बिलाखालची.

आमचे एक स्नेही आहेत. टीपेच्या बाबतीत साक्षात कर्ण. शंभराच्या बिलावर वीस ठेवतील आणि मागं वळून बघणार नाहीत. पण हॉटेलात शिरल्यापासून ती टीप ठेवीपर्यंत हे गृहस्थ वेटरशी जे वागतात, ते पाहून बरोबरच्यांनी मेन्यूकार्डाआड तोंड लपवावं. आधी चुटकी. चुटकीनं भागलं नाही तर चमच्यानं ग्लासावर टणटण. मग ‘ए, शुक शुक!’ सांबार गार लागलं की त्याचा जाब वेटरला. आता सांबार काही त्यानं केलेलं नसतं, आणि निम्म्या वेळा ते आमच्या स्नेह्यांच्याच गप्पांत गार झालेलं असतं. पण भटारखान्यापर्यंत आवाज पोचत नाही, मालक गल्ल्यावर गणपतीसारखा बसलेला. मधे सापडतो कोण? हा. एकदा मी म्हटलं, ‘‘अहो, जरा सबुरीनं घ्या.’’ तर म्हणाले, ‘‘अरे, शेवटी टीप कोण देतं त्याला? मीच ना?’’

तेव्हा मला उलगडा झाला. ती टीप नव्हतीच. तासभर राजा होण्याचं ते भाडं होतं. सिंहासन सनमायकाचं असलं म्हणून काय झालं?

वाढणाऱ्याला मान कसा द्यावा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पंगत आठवा. वाढपी कोण असतो? नवरीचा मामा, शेजारचा कॉलेजातला मुलगा, कमरेला पंचा आवळून पळणारा कोणी भाचा. हेच आमचे स्नेही तिथं मांडी घालून बसले की भाषा बघा त्यांची! ‘‘सावकाश येऊ द्या हं मठ्ठा, घाई नाही.’’ ‘‘तुम्ही जेवलात का? दमलात अगदी.’’ वरण तिथंही गार असतं, पण ते ‘झकास’ म्हणून ओरपतात. बादली तीच, डाव तोच, वाकून वाढणंही तेच. फरक एवढाच, की इथं वाढणाऱ्याला आपण पैसे देणार नसतो. (पंगतीला कोण बसत असे आणि कोणाला बाहेर थांबावं लागे, हा हिशेब निराळा आहे, आणि तो माझ्या टीपेहून पुष्कळ मोठा आहे.)

आणि दक्षिणा? तीही एक प्रकारची टीपच. काम झाल्यावर, जेवणानंतर, खुशीनं द्यायची. पण ती देताना कोण वाकतं? देणारा. पाटावर सुपारी, तिच्यावर पैसे, वर नमस्कार, आणि घेणारा आशीर्वाद देतो. टीप देताना मात्र घेणारा सलाम करतो आणि देणारा दात कोरत असतो. दक्षिणा अकरा, एकवीस, एकावन्न. म्हणजे आकड्यावर आवर्जून एक रुपया वाढवायचा. टीपेच्या वेळी बशीतले बावीस असले तर वरचे दोन हळूच उचलायचे, अडनिडा आकडा कशाला म्हणून! पैसे दोन्हीकडे तेच, रिझर्व्ह बँकेचे. वाकण्याची दिशा तेवढी बदलली. ती का बदलावी, ह्याचं उत्तर मला कोणा शास्त्र्यानं दिलेलं नाही.

तत्त्वज्ञांनीही हात टेकलेले आहेत. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात झाँ-पॉल सार्त्र ह्यांनी पॅरिसच्या कॅफेतल्या वेटरवर लिहिलं आहे. हा माणूस जरा जास्तच तत्परतेनं चालतो, जरा जास्तच आदबीनं वाकतो. तो वेटर असण्याचं नाटक करतो आहे, असं त्यांचं म्हणणं. मान्य. पण समोर बसून कॉफी पिणारा गिऱ्हाईक असण्याचं केवढं नाटक करतो! आणि किती ठेवावेत, हा मुद्दा तिथं सुटत नाही. ह्याच सार्त्रनी १९६४ साली नोबेल पारितोषिक नाकारलं. एवढ्या मोठ्या बशीतून आलेलं नको म्हणायची ऐपत लेखकाला असते, वेटरला कुठली असायला?

माझे एक मामा मुंबईत शाळामास्तर होते. त्यांच्या तरुणपणी मुंबईतल्या उडुपी हॉटेलांत दिवसा कपबश्या उचलून रात्रशाळेत शिकणारी पुष्कळ मुलं असत. मामांनी कोणाला चुटकी वाजवून बोलावलं नाही. ‘‘सवड झाली की ये रे बाळा,’’ म्हणत आणि आल्यावर आधी ‘‘कितवीत?’’ असं विचारत. एकदा तर मामींची इडली गार होईस्तोवर त्यांनी एका पोराला टेबलावरच भागाकार शिकवला. उठताना स्वतःच्या बश्या एकावर एक रचून ठेवत. टीप मात्र एक पावली. महागाई वाढली तरी पावली. पावली अखेर २०११ च्या जूनमध्ये चलनातून गेली, मामा त्याच्या बरेच आधी गेले, नाहीतर त्यांची पंचाईत झाली असती.

मामा मोठा माणूस की आमचे वीस रुपये ठेवणारे स्नेही मोठे? माझं मत मामांकडे झुकतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण वेटरच्या बाजूनं पाहिलं की काटा हलतो. ‘बाळा’ म्हटल्यानं खोलीचं भाडं भरता येत नाही आणि आदराची मनीऑर्डर गावाला जात नाही. वीस रुपये शिवी खाऊन मिळाले तरी ते वीसच असतात. ही निवड त्याच्यावर का यावी? वाण्याकडे आपण साखरही घेतो आणि नीट बोलतोही. त्याला कुठं म्हणतो, की दोहोंतलं एक काय ते घे?

खरी गोम अशी, की वेटरच्या पगाराचा एक तुकडा मालकानं आमच्या लहरीवर सोडून दिला आहे. अमेरिकेत तर हे कायद्यातच बसवलं आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानं टीप मिळणाऱ्या नोकराला मालकानं तासाला निदान २.१३ डॉलर द्यायचे, आणि १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. टीप धरून तासाचे ७.२५ भरले नाहीत, तर उरलेली भर मालकानं घालायची. काही राज्यं ह्याहून बरंच जास्त देववतात. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आपले आईबाप वीस टक्क्यांचे रुपये करतात आणि त्यांना घास जात नाही. मुलगा गाडी आणायला गेल्यावर टेबलावरची नोट उचलून खिशात घालणारे एक काका मला ठाऊक आहेत. ‘पोरगं विसरून चाललं होतं,’ असं त्यांनी वर सांगितलं!

आपल्याकडे मोठ्या हॉटेलांनी बिलातच ‘सर्व्हिस चार्ज’ लावायला सुरुवात केली. तो परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयानं तो नियम उचलून धरला. द्यायचं तर गिऱ्हाइकानं खुशीनं द्यावं. निकाल मला पटला. पण दुसऱ्या आठवड्यात एक शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन हॉटेलात गेले, मॅनेजरशी भांडून बिलातले एकशेचाळीस रुपये कमी करून घेतले आणि विजयी मुद्रेनं बाहेर आले. मी विचारलं, ‘‘मग त्यातले वेटरला किती ठेवलेत?’’ ते माझ्याकडे असे पाहू लागले, की मी जणू त्यांचं कात्रणच फाडलं.

आता तर बशीच रिकामी येते. फोन पुढं करायचा, ‘टिंग’ वाजलं की पैसे मालकाच्या खात्यात. सुटे नाहीत, म्हणून पेच नाही, म्हणून टीपही नाही. विज्ञानानं आपलं धर्मसंकट असं परस्पर सोडवलं. वेटर मात्र अजून सवयीनं बशी ठेवतो आणि तसबिरीकडे पाहतो. मी हल्ली वरच्या खिशात दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवतो. सौभाग्यवती त्याला ‘दानधर्म खातं’ म्हणतात. दानबिन काही नाही, सांबार दोनदा आणलं त्यानं.

नावानं हाक मारावी, असंही मनात आलं. ‘वेटर’ हे काही नाव नव्हे. ‘पोऱ्या’ तर नकोच. २००६ च्या ऑक्टोबरपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवायला बंदी आहे, तरी आपण चाळिशीच्या माणसाला पोऱ्या म्हणतो. म्हणून परवा नेहमीच्या हॉटेलात, गेली सहा वर्षं मला डोसा आणून देणाऱ्या गृहस्थांना विचारलं, ‘‘आपलं नाव काय हो?’’

त्यांचा चेहरा उतरला. हातातलं फडकं थांबलं. ‘‘का साहेब? काही चुकलं का? मालकांना सांगू नका.’’

‘‘नाही हो, सहजच.’’

त्यांनी गल्ल्याकडे एकदा पाहिलं, मग हळूच नाव सांगितलं आणि विचारलं, ‘‘चटणी आणू अजून?’’