झाड कुठले?

झाडापाखरांची ओळख हवी, असे आपण सगळेच म्हणतो. पण ओळख करून घेताना पहिला प्रश्न ‘तू कुठला?’ हाच असावा का, असे सहसा कोणी विचारत नाही. भिवंडीत राहणाऱ्याला ते विचारावेच लागते. कामवारीकाठच्या या गावात मागाच्या खडखडाटामागोमाग उत्तरेकडून आणि तेलंगणातून माणसे येत राहिली, आणि १९७० व १९८४ साली ‘आपला’ नि ‘परका’ या दोन शब्दांची किंमत गावाने रक्ताने मोजली. इथे ‘बाहेरचा’ हा शब्द सहज उच्चारण्यासारखा नाही, मग तो झाडाविषयी का असेना.

सुट्टीच्या दिवशी मी शाळेतली दहाबारा मुले घेऊन चिंचोटीच्या रस्त्याने तुंगारेश्वराच्या पायथ्याकडे जातो. गोदामे संपता संपत नाहीत. पण एकदा मागे पडली की साग, ऐन, कुसुंब, पळस यांचे रान लागते. या डोंगराला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथे यायचे ते इथले पाहायला, एवढीच आमची अट. सालिम अलींच्या १९४१ सालच्या पुस्तकाने कितीतरी लोकांना पाखरांकडे पाहायला शिकवले. त्यांना मराठीतून हाक मारायला शिकवले ते मारुती चितमपल्लींनी. त्या दोघांच्या पुण्याईवर आमची ही भटकंती चालते.

वाटेत एक उंबर आहे. तो पिकला की त्याच्यापाशी तासभर बसावे. प्रथम काहीच दिसत नाही. मग एखादी फांदी हलते, एक पान पानाहून वेगळे होते आणि तो हरियाल निघतो, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तांबट येतो, धनेश येतो. रात्री वटवाघळांची पंगत बसते. उंबराला फूल नसते असे आपण म्हणतो, पण फुले फळाच्या आतच असतात, आणि एक चिलटाएवढी गांधीलमाशी बारीक भोकातून आत शिरते तेव्हा कुठे त्यांचे परागीकरण होते. या माशीवाचून उंबराचा वंश नाही आणि उंबरावाचून माशीचा नाही. हा संसार लाखो वर्षांचा आहे.

तिथून हाकेच्या अंतरावर ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग आहे. १९८० नंतरच्या दशकात सामाजिक वनीकरणाने अशी झाडे गावोगाव लावली. भराभर वाढतात, शेळ्या तोंड लावत नाहीत. सरकारी खात्याला आणखी काय हवे! त्यांचे पान म्हणजे खरे पानच नव्हे, चपटा झालेला देठ आहे. तो लवकर कुजत नाही. खाली कोरडा थर साचतो, आणि वर एक प्रकारची शांतता असते.

ही माहिती मी देत होतो तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, मग आम्हीपण ही बाभूळच का?” त्याचे आजोबा नलगोंड्याहून मागावर काम करायला आलेले. बाकीची मुले हसली, तो हसला नाही.

अशा प्रश्नाला ‘छे, तसे नाही रे’ म्हणून गप्प करणे सोपे असते. पण आपल्या दिवाळीकडेच पाहा ना. दाराच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातून आलेले. यांना आज कोण परके म्हणेल? उलट, आपली अंगणातली साळुंकी १८६२ च्या सुमारास पिंजऱ्यातून मेलबर्नला नेली, बागांतली कीड खाईल म्हणून. आज ती तिथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावते आणि लोक तिच्यासाठी सापळे लावतात. म्हणजे देशी-परदेशी हा पाखराचा स्वभाव नव्हे. ते कुठे उभे आहे त्यावर ठरते. आणि साळुंकीने काही जहाजाचे तिकीट काढले नव्हते. दोष द्यायचा तर नेणाऱ्या हाताला द्यावा, लावणाऱ्या हाताला द्यावा.

तरीही मी उंबराच्याच बाजूचा आहे, हे लपवत नाही. रानात बाभळीच्या जागी उंबर लावायचा असेल तर मी खुशाल खड्डा खणीन. तुझ्यावर कोण जगते, असे झाडाला विचारता येते. हजारो वर्षांची नाती एका पावसाळ्यात उगवत नाहीत. माणसाचे तसे नाही. एका बाकावर बसलेली दोन पोरे मधल्या सुट्टीत डबा वाटून खातात, तेवढ्याने नाते जमते. पण खरा पेच पुढेच आहे. ‘तुझा आम्हांला उपयोग काय?’ हा प्रश्न झाडाला चालतो, माणसाला चालत नाही. त्या मुलाच्या आजोबांनी जन्मभर कापड विणले म्हणून ते आमचे, असे म्हणणेसुद्धा मला पुरेसे वाटत नाही. माग बंद पडले तर काय ते परके होणार?

मी त्याला म्हटले, “बाभळीला कोणी विचारून लावले नाही, तुझे आजोबा स्वतःच्या पायांनी आले. आणि तू तर इथेच जन्मलास. तुला कोणी काही सिद्ध करून मागू नये.” त्याचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. तो बाभळीकडेच बघत होता.

आमच्या वहीत दोन रकाने असतात: झाड कुठले, आणि त्यावर कोण आले. उंबरापुढचा दुसरा रकाना केव्हाच भरून समासात गेला आहे. बाभळीपुढचा बराच काळ कोरा होता. गेल्या माघात त्याच मुलाला तिच्या टोकाच्या फांदीवर शिंजिराचे लोंबते घरटे दिसले. कोळ्याच्या जाळ्यांनी सांधलेले, आणि मधूनमधून मागावरच्या सुताचे पांढरे, निळे धागे. त्याने रकान्यात धाग्यांचे रंगसुद्धा लिहून ठेवले आहेत.