चित्रगुप्ताची टाकी

देवाच्या दरबारात सगळ्यांत वाईट नोकरी कुणाची, असं विचारलं तर बहुतेक लोक यमाचं नाव घेतील. मला तसं वाटत नाही. यम हा बिचारा वसुली खात्यातला माणूस. वरून यादी आली की रेड्यावर बसायचं आणि निघायचं. खरी पंचाईत यादी करणाऱ्याची, म्हणजे चित्रगुप्ताची. हे ज्ञान मला पोथ्या वाचून झालेलं नाही. गप्पी मासे पाळून झालं.

गप्पी मासा आपल्याला परका नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवतापवाले हौदात, डबक्यात सोडतात, तोच. नावावरून तो गप्पिष्ट असेल असं वाटतं. पण ते एका साहेबाचं आडनाव. या गप्पीसाहेबाने त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवले आणि १८६६ मध्ये तिथल्या तज्ज्ञाने माशाला त्याचं नाव दिलं. पुढे कळलं की पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच बारसं उरकलं होतं. कागदोपत्री पीटर्सचं नाव राहिलं, लोकांच्या तोंडी मात्र गप्पी. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे फक्त आमच्या बँकेतच चालतं असं नाही.

मला हा नाद सांगलीच्या हेडकॅशियरांनी लावला. साताऱ्याहून माझी तिकडे बदली झाली होती. त्यांच्या तळमजल्यावर ओळीने काचेच्या टाक्या. डबक्यातला गप्पी म्हणजे धुवट सदरा असेल, तर त्यांच्याकडचा म्हणजे पैठणीचा पदर! परत साताऱ्याला निघालो तेव्हा एक नर आणि दोन माद्या पिशवीतल्या पाण्यात घेऊन एस.टी.त बसलो. कऱ्हाडच्या स्टँडवर शेजारच्या आजींनी विचारलं, "खायला का हो?" म्हटलं, "नाही, बघायला." आजींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि जागा बदलली.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. महिन्याकाठी वीस-तीस. शिवाय नराशी एकदा गाठ पडली की त्या एका ठेवीवर पुढे कित्येक महिने तिचं व्याज चालू राहतं. चक्रवाढ व्याज मी बी.कॉम.ला शिकलो होतो. कळलं ते तेव्हा. सहा महिन्यांत टाकी भरली, बादली भरली, लोणच्याची बरणी भरली. सौ.ने कुकर उचलून उंच फळीवर ठेवला.

हेडकॅशियरांना फोन केला. म्हणाले, "निवड करा. शेपटी चांगली तेवढे ठेवा, बाकीचे बाद. नाहीतर चार पिढ्यांत सगळे डबक्यातले होतील." बाद म्हणजे नक्की काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फाटक्या नोटेचंही पुढे काय होतं, हे आम्ही काउंटरवर विचारत नाही.

नदीत सोडावेत, तर हे पाहुणे आपल्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करतात. दया माझी आणि बिल कृष्णेतल्या माशांना! शेवटी एका रविवारी मी वाटीत लवंगतेल घेतलं. त्याने मासा आधी गुंगतो, मग संपतो. अकरा होते. दोघांचा कणा वाकडा होता. नऊजणांचा गुन्हा एवढाच, की शेपटी आखूड. वहीत 'बाद ११' असं लिहिलं. सौ. आतून म्हणाली, "वास कसला? दाढ दुखतेय का?" मी "हो" म्हणालो. तिने रात्री मऊ भात टाकला. तो काही मला गेला नाही.

गप्पीची आई स्वतःची पिल्लं खाते. तिला मी राक्षसीण म्हणत असे. पण ती भुकेपोटी खाते. शेपटी मोजून नाही. मी पोटभर जेवून, चष्मा पुसून बसलो होतो. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग नंतर वाचले. खाणारे मोठे मासे असले की पिढ्यांगणिक गप्पीचे नर फिके होत जातात. ते नसले की भडक. म्हणजे माझ्या वहीतली खोट ही त्रिनिदादच्या ओढ्यात अक्कल ठरते. आणि डासाच्या अळीला तरी खाणाऱ्याच्या शेपटीशी काय देणंघेणं?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. धोक्याची पातळी ४५ फूट. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर हेडकॅशियरांना भेटायला गेलो. तळमजल्यावर चिखल, चिखलात काचा. वीस वर्षांची निवड कृष्णामाई एका रात्रीत घेऊन गेली होती. वरच्या मजल्यावर नातवाने लपवलेली एक बरणी तेवढी राहिली. तिच्यात आजोबांनी बाद केलेले सात मासे होते. हेडकॅशियर बरणीकडे बराच वेळ बघत राहिले. मग नातवाला म्हणाले, "यांना खायला काय घालतोस रे?"

त्या सातांतले तीन आज माझ्याकडे आहेत. खूप विचार करून मी एवढंच ठरवलं, की जन्माला घालायचं की नाही, हे आधी ठरवावं. घातल्यावर शेपटी मोजू नये. चित्रगुप्ताला ती सोय नाही, त्याला आयत्या प्रजेचा हिशेब करावा लागतो. मला आहे. म्हणून नर एका टाकीत आणि माद्या दुसऱ्या टाकीत ठेवल्या आणि निर्धास्त झोपलो.

काल सकाळी बघतो, तर माद्यांच्या टाकीत बावीस पिल्लं! जुनी ठेव, तिची मुदत मी विसरलोच होतो. एकाचा कणा किंचित वाकडा आहे, पण खायला सगळ्यांत आधी तोच येतो. वही काढली, 'जमा २२' लिहिलं. बादचा रकाना कोराच ठेवला आणि सौ.कडे कुकर मागायला गेलो.