चांगल्या कामालाही ‘नाही’ म्हणावे काय?

मुले लहान आहेत अशा कोणत्याही ख्रिस्ती घरात संध्याकाळी डोकावले, तर एक वाक्य हटकून कानी पडते : “आता नको, मग सांग.” असे म्हणणारे आईबाप वाईट नसतात. आई नोकरीवरून येऊन पोळ्यांना लागलेली असते, वडिलांना तरुण संघाची सभा असते, थोरल्याची शिकवणी सात वाजता असते, आणि मोबाईल तर सर्वांच्याच हाती असतो. कौटुंबिक प्रार्थना रात्री दहाला, मुले पेंगत असताना, कशीबशी उरकली जाते.

घर साधे ठेवा असा उपदेश पुष्कळ होतो, आणि तो बहुधा चैनीच्या वस्तूंवर येऊन थांबतो. टी.व्ही. बंद करा, खरेदी आवरा, वाढदिवसाचा थाट नको. ठीक आहे. परंतु निरुपयोगी गोष्टी टाकाव्यात हे सर्वांस मान्यच असते. टाकत नाही एवढेच. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. गायनाचा सराव, आजाऱ्यांच्या भेटी, महिला मंडळ, शब्बाथ शाळेची तयारी ही तर प्रभूचीच कामे. मुलांसाठी घर मोकळे व्हावे म्हणून त्यांनाही नाही म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

हा प्रश्न आम्ही इतरांसाठी विचारीत नाही. एका शनिवारी संध्याकाळी आम्ही शब्बाथ शाळेचा धडा तयार करीत बसलो होतो. धडा बाळ शमुवेलाचा होता. फळ्यावर लावण्यासाठी चित्र रंगवीत होतो. आमची नऊ वर्षांची मुलगी जवळ येऊन उभी राहिली. शाळेत काहीतरी घडले होते. मान वर न करता आम्ही म्हणालो, “थांब बाळ, उद्याचा धडा आहे.” थोड्या वेळाने ती पुन्हा आली, आमचे उत्तर तेच. तिसऱ्यांदा ती आली नाही. चित्र सुरेख झाले. वर्गातील मुलांनी ते वाखाणले. शाळेत काय झाले होते ते मात्र आम्हांस आजवर कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी तोच धडा शिकविताना जीभ जड झाली. एलीने 40 वर्षे इस्राएलाचा न्याय केला, पण त्याचे स्वतःचे मुलगे, हफनी व फिनहास, हातचे गेले. एली कामात गुंतला होता म्हणून हे झाले असे शास्त्र म्हणत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुलांना त्याने आवरले नाही, हा त्याच्यावरील दोष आहे. तरी त्याच म्हाताऱ्याला त्या रात्री परक्याच्या मुलाने तीनदा उठविले, आणि तो एकदाही खेकसला नाही. तिसऱ्या वेळी त्याला उमजले की हाक कोणाची आहे. तीनदा उठवून घेतले नसते, तर उमजले असते काय?

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांना शिकविण्याची जी रीत सांगितली आहे, तीत वर्ग नाही, फळा नाही. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना बोलावे, असे आहे. म्हणजे बसणे हवे, आणि वाटेने एकत्र चालणेही हवे. आपल्या मंडळ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. बेळगावात मूल कन्नड वा इंग्रजी शाळेत जाते, बडोद्यात अंगणात गुजराती बोलते, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी. त्याची मराठी राहते ती घरात व उपासनेत. घरातील मराठी जर “लवकर आवर, जेवून घे, अभ्यास कर” एवढ्यावर आली, तर त्या मुलाने मराठी पवित्र शास्त्र कशाच्या बळावर वाचावे? मग मुलांना वाचता येत नाही म्हणून आपणच त्यांच्यासाठी आणखी एक शिबिर भरवितो!

येथे जॉन वेस्लीच्या आईची आठवण होते. सुझॅना वेस्लीचे घर इंग्लंडात एपवर्थ येथे होते. नवरा पाळक, डोक्यावर कर्ज. त्यापायी 1705 साली त्याला तुरुंगही घडला. 1709 साली घर जळाले. अशा घरात तिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून दिली होती. त्या वेळी त्या एकाशीच बोलावयाचे. 1712 साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने मुलांचे वार दिले आहेत. जॉनचा वार गुरुवार. पुढे ऑक्सफर्डात अध्यापक झाल्यावरही त्याने आईला त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण दिली. तिला सभा नव्हत्या असे नाही. नवरा लंडनला असताना तिच्या घरी रविवारी संध्याकाळी सुमारे 200 माणसे जमू लागली होती.

तेव्हा आम्हांस असे वाटते की, अधिकार आहे. आमच्या वर्गाला दुसरा शिक्षक मिळू शकतो. आमच्या मुलीला दुसरे आईबाप कोठून आणावे? मात्र यात एक पळवाट आहे, ती आम्हांस दिसते. मुलांचे नाव पुढे करून उपासना चुकवायची व तो वेळ लग्नांच्या पंगतीत घालवायचा, असेही चालते. नाही म्हणून जो तास मिळाला तो मुलालाच गेला पाहिजे, नाहीतर ती मंडळीची व मुलाची, दोघांचीही चोरी होईल.

आम्ही एका समितीतून नाव काढून घेतले. पाळकसाहेब नाराज झाले, आणि त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही; माणसे कमीच आहेत. वार मुलीनेच निवडला, मंगळवार. पहिले दोन मंगळवार ती काही बोलली नाही. आम्ही पडवीत मटार सोलीत बसलो. तिसऱ्या मंगळवारी पाऊण पाटी सोलून झाल्यावर तिने विचारले, “तुम्हाला आज सभा नाही ना?”